शब्दचर्चा : संमतिपत्रात 'सहभागी' की 'प्रयुक्त'?

काजळरेघ
एका प्रकल्पाचं संमतिपत्र आणि प्रश्नावली मराठीत आणते आहे. विषय वाढत्या वयातली स्मरणशक्ती. प्रकल्प आमच्या बाईंचा, प्रत्यक्ष चाचण्या आम्ही विद्यार्थी घेणार. मूळ इंग्रजी मसुद्यात चाचणी देणाऱ्या व्यक्तीसाठी पानोपानी 'पार्टिसिपंट' आहे. मी सगळीकडे 'सहभागी' लिहिलं. बाईंनी ते खोडून 'प्रयुक्त' केलं. मानसशास्त्रात तोच शब्द रुळलेला आहे असं त्यांचं म्हणणं. पूर्वचाचणीत एका आजींनी पहिलंच वाक्य वाचलं, 'प्रयुक्ताने स्वेच्छेने संमती द्यावी', आणि विचारलं, "प्रयुक्त म्हणजे? माझा वापर करणार का तुम्ही?" समजावून सांगितल्यावर त्यांनी सही केली. पण सही करण्याआधी समजावून सांगावा लागतो तो शब्द संमतिपत्रात असावा का? समाजशास्त्रातली मैत्रीण 'उत्तरदाता' लिही म्हणते, सांख्यिकीचे सर 'प्रतिसादक' म्हणतात.

दुसरी अडचण व्याकरणाची. 'सहभागी' नाम म्हणून चालवायचं तर 'सहभागींना' की 'सहभाग्यांना'? बाईंच्या मते ते मुळात विशेषण, म्हणून बाद.

शाईदौत
तुमच्या बाईंच्या बाजूने लिहितो. मी बरीच वर्षं मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली. वहीत वर दोन नावं लिहायची : प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त. विद्यार्थ्यांची जोडी असे. आज जो प्रयोगकर्ता तो पुढच्या तासाला प्रयुक्त. कमीपणा कुणाला वाटला नाही, कारण ती भूमिका होती, दर्जा नव्हता.

'प्रयुक्त' म्हणजे 'वापरलेला' एवढाच अर्थ घेणं त्या शब्दावर अन्याय आहे. युज् म्हणजे जोडणं, जुंपणं, नेमणं. नियुक्त, संयुक्त, उद्युक्त ही सगळी त्याच कुळातली. आणि 'प्रयोग' हा शब्द ज्या धातूचा, त्याचंच हे रूप. प्रयोग आणि प्रयुक्त यांचं नातं मराठीत कानाला ऐकू येतं, हे सुख इंग्रजी शब्दांत नाही.

प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्या वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथे ते स्वतः विद्यार्थ्यांच्या प्रयोगांत प्रयुक्त म्हणून बसत. उपकरणं हाताळायची विद्यार्थ्याने आणि स्वतःच्या मनात काय घडलं ते सांगायचं मुरलेल्या प्राध्यापकाने. मान असलाच तर प्रयुक्ताला होता. स्मरणशक्तीचा विषय आहे म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांचीही आठवण देतो. १८८५ साली त्यांनी विस्मरणावरचं काम प्रसिद्ध केलं ते अर्थहीन अक्षरगट पाठ करून, आणि त्यात प्रयोगकर्ते तेच, प्रयुक्तही तेच.

बांधावरून
शाईदौत सर, आदर ठेवून असहमत. वुंट यांच्या खोलीत दोघेही एकाच विद्येचे होते. काजळरेघ यांच्या आजी त्या खोलीतल्या नाहीत. वर्गातल्या जोडीदाराला 'प्रयुक्त' म्हणणं आणि ज्याने तो शब्द कधी ऐकला नाही त्याला तसं म्हणून सही घेणं, यात फार अंतर आहे.

मात्र 'सहभागी'ही मला खटकतो. भागी म्हणजे वाटा असलेला. अभ्यासातला कोणता वाटा त्या माणसाकडे जातो? प्रश्न संशोधकाने ठरवले, निष्कर्ष त्याने काढले, निबंधावर नाव त्याचं. बहुतेक वेळा निष्कर्ष काय निघाला हेसुद्धा उत्तरं देणाऱ्याला कोणी कळवत नाही. वाटा द्यायचा नसेल तर वाटेकरी म्हणू नये. लोकांसोबत बसून प्रश्न ठरवणारी, त्यांच्याकडून निष्कर्ष तपासून घेणारी संशोधनं असतात, 'सहभागी' हा शब्द मी त्यांच्यासाठी राखून ठेवीन.

आम्ही क्षेत्रकार्यात 'माहितगार' म्हणतो. एकदा प्रश्नावलीत 'घरात किती माणसं राहतात?' असा प्रश्न होता. एका बाईंनी उलट विचारलं, "झोपायला असणारी मोजू की जेवायला असणारी?" कुटुंबाची व्याख्या निवाऱ्यावरून करायची की एकत्र जेवणावरून, हा जनगणना करणाऱ्यांचाही जुना वाद आहे, आणि तो त्यांनी दारातच आमच्यापुढे ठेवला. त्या दिवशी प्रश्न बदलावा लागला. अशा व्यक्तीला 'प्रतिसादक' कसं म्हणणार? प्रतिसाद म्हणजे सादेला दिलेली साद. त्या बाईंनी तर आमची सादच बदलली.

उलटतपासणी
'माहितगार' चांगला, पण जपून. 'इन्फॉर्मंट'साठी पोलिसी मराठीत 'खबऱ्या' आहे आणि त्याची सावली माहितगारावरही पडते. 'उत्तरदाता'चंही तसंच. कोर्टात 'उत्तरवादी' असतो, हिंदीच्या संगतीने 'उत्तरदायी' म्हणजे जबाबदार असा अर्थ रुजत चाललाय. फॉर्मवर 'उत्तरदात्याची सही' दिसली की कशाची तरी जबाबदारी आपल्यावर येते असं लोकांना वाटतं. भाषांतराच्या कामात हा अनुभव मला अनेकदा आलाय.

शाईदौत यांनी 'युज्'चं कुळ सांगितलं, त्यात 'युक्ती' राहिली. तीही त्याच धातूची.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या शब्दाची आहे. काजळरेघ, तुमच्या मसुद्यात 'इन्फॉर्म्ड कन्सेंट'साठी 'माहितीपूर्ण संमती' असणार. कृपा करून ते काढा. माहितीपूर्ण लेख असतो, माहितीपूर्ण व्याख्यान असतं. संमती माहितीने भरलेली नसते. संमती देणाऱ्याला माहिती असावी लागते. 'जाणती संमती' का नको? किंवा सरळ 'समजून-उमजून दिलेली संमती'. नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत पहिल्याच कलमात भर आहे तो संमती स्वेच्छेची असण्यावर. माणसाला पुरेसं ज्ञान आणि आकलन हवं हे त्याच कलमात पुढे सविस्तर येतं. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' ही जोडगोळी १९५७ मधल्या कॅलिफोर्नियातल्या एका वैद्यकीय खटल्याच्या निकालाने रूढ केली. तिथे 'आकलन' हे मूळ होतं, मराठीत येताना त्याची नुसती 'माहिती' झाली.

काजळरेघ
'माहितीपूर्ण'च आहे. बदलते. 'जाणती संमती' फार आवडलं.

तिसरा बाक
इंग्रजीतही हा वाद शिळा झालेला नाही, म्हणून थोडा इतिहास. तिकडे आधी 'सब्जेक्ट' होता. शरीरशास्त्राच्या वर्गात विच्छेदनासाठी ठेवलेल्या प्रेतालाही 'सब्जेक्ट' म्हणत. संशोधनातल्या नीतीवरच्या १९७९ च्या अमेरिकी बेलमाँट अहवालाच्या शीर्षकात 'मानवी सब्जेक्ट'च आहेत. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या लेखन-नियमावलीने १९९४ च्या आवृत्तीत 'पार्टिसिपंट' लिहा असं सांगितलं, आणि वैद्यकीय संशोधनाच्या हेलसिंकी जाहीरनाम्याने, जो १९६४ चा आहे, तो बदल थेट २०२४ मध्ये केला. म्हणजे आपल्याला उशीर झालाय असं अजिबात नाही.

पण बांधावरून यांचा मुद्दा मला अजून पुढे न्यावासा वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मिलग्रॅम यांच्या १९६३ च्या निबंधातला प्रयोग घ्या. उत्तर चुकलं की दुसऱ्या माणसाला वाढत्या व्होल्टचा शॉक द्यायचा. ४० माणसं होती, त्यांतली २६ शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेली. त्यांना सांगितलं होतं की हा स्मरण आणि शिकण्याचा अभ्यास आहे. खरा अभ्यास आज्ञापालनाचा होता आणि पलीकडच्या खोलीत भिंत बडवणाऱ्याला शॉक बसतच नव्हता. या ४० जणांना 'सहभागी' म्हणायचं? कशात सहभागी? आपण कशात भाग घेतोय हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मी तिथे 'प्रयुक्त'च लिहीन, आणि आजींना जो अर्थ लागला तोच मनात धरून लिहीन.

शाईदौत
हे मी मान्य करणार नाही. पारिभाषिक शब्द निंदा करायला वापरायचा नसतो. एका प्रयोगासाठी एक शब्द, दुसऱ्यासाठी दुसरा, असं प्रत्येकाने आपल्या नैतिक मतानुसार करायचं ठरवलं तर परिभाषा उरणारच नाही. वाचकाला वाटेल की दोन वेगळ्या संकल्पना आहेत.

तिसरा बाक
पण सर, त्या दोन वेगळ्या संकल्पना आहेतच, मी तेच म्हणतोय.

पानगळ
व्याकरणाच्या प्रश्नाला अजून कुणी हात लावला नाही. 'सहभागी' विशेषण म्हणून बाद, हे पटत नाही. 'अपराधी', 'प्रवासी', 'दोषी' ही विशेषणंही आहेत आणि नामंही. अपराध्याला, प्रवाशांना असं आपण सहज म्हणतो. त्या चालीवर 'सहभाग्यांना' हेच नियमाला धरून. कानाला 'भाग्य' ऐकू येतं म्हणून लोक 'सहभागींना' लिहितात आणि ते आता इतकं पसरलंय की चूक म्हणायला माझी जीभ उचलत नाही. स्त्रीलिंगी रूप हवं असेल तर 'विद्यार्थिनी'च्या चालीवर 'सहभागिनी', पण ते सहधर्मचारिणीसारखं वाटतं. मी 'सहभागी स्त्रिया' लिहीन.

आणि एक सुचवते. संमतिपत्रात हे नामच कशाला? 'तुम्ही' लिहा. 'तुम्ही कधीही, कारण न सांगता थांबू शकता.' 'तुमचं नाव कुठेही छापलं जाणार नाही.' ज्याच्याशी बोलतोय त्याला तृतीयपुरुषी ठेवलं की करारनामा होतो. प्रबंधात काय लिहायचं तो वेगळा प्रश्न, तिथे वाचक वेगळा.

जुनी वही
पानगळ यांना अनुमोदन.

थोडं अवांतर. धागा वाचून मसुद्यातले इतर शब्द कसे असतील ही शंका आली. 'हायपॉथिसिस'ला, म्हणजे संशोधनात तपासायच्या विधानाला, काय लिहिलंय? आजकाल विद्यार्थी सर्रास 'परिकल्पना' लिहितात, तो हिंदीतून उचललेला शब्द. मराठी मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'अभ्युपगम' होता. कुठे गेला?

काजळरेघ
'गृहीतक' लिहिलंय.

जुनी वही
गृहीतक म्हणजे जे धरून चाललो ते. ते तपासत नाहीत. संशोधनात तर तपासायचंच असतं!

उलटतपासणी
मग 'अभ्युपगम'लाही तोच दोष लागतो. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, सिद्धांताचे चार प्रकार सांगितलेत, त्यांत 'अभ्युपगमसिद्धांत' चौथा. न तपासलेली गोष्ट तात्पुरती मान्य करायची आणि मग तिच्या विशेषांची परीक्षा करायची. म्हणजे तीही 'धरून चाललो'च.

जुनी वही
'तात्पुरती' या शब्दातच सगळं आहे. पुढच्या परीक्षेसाठी मान्य केलेलं, हा भाव 'गृहीतक'मध्ये कुठे येतो? रोजच्या बोलण्यात 'मला गृहीत धरू नका' म्हणतो तेव्हा तपासणीचा मागमूस नसतो. शतकानुशतकं जुनी, नेमकी संज्ञा हाताशी असताना ती अवघड वाटते म्हणून टाकायची, हे मला बघवत नाही.

बांधावरून
किती जुनी ते राहू द्या, सूत्रांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. माझा आक्षेप वेगळाच आहे. पहिल्या पिढीतली मुलं संशोधनाला येतात आणि दारातच 'अभ्युपगम' भेटतो. उच्चारताना अडखळतात, मग अडखळायला नको म्हणून विचारच इंग्रजीत करू लागतात. शब्द शुद्ध राहतो आणि भाषा रिकामी होते. 'अंदाज' म्हणा, 'तपासायचा अंदाज'. फारसी असला तरी तो घरचा आहे.

शाईदौत
अंदाज हवामानाचा असतो. विद्यार्थ्यांना अवघड शब्द पेलत नाहीत हे गृहीत धरणं मला अपमानास्पद वाटतं. माझ्या विद्यार्थ्यांना पेलत होते.

पानगळ
'परिकल्पना' हिंदी म्हणून नको, हा तर्कही तपासा. 'संशोधन' शब्दाचं काय झालं ते बघा. हिंदीत संविधानाचं 'संशोधन' होतं, आपण त्याला घटनादुरुस्ती म्हणतो. आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला ते शोध किंवा अनुसंधान म्हणतात. धातू एकच, शुध्. तिकडे शुद्ध करणं राहिलं, इकडे शोधणं. दोन्ही भाषांनी एकाच संस्कृत पेटीतून उचललंय. 'परिकल्पना'वर हिंदीचा मालकी हक्क नाही.

जुनी वही
हक्काचा प्रश्न नाही, अर्थाचा आहे. मराठीत परिकल्पना म्हणजे कल्पनेचा विस्तार, एखाद्या नाटकाची, इमारतीची.

काजळरेघ
सर्वांचे आभार. बाईंशी बोलले. संमतिपत्रात 'तुम्ही' त्यांना मान्य आहे, 'जाणती संमती'ही. प्रबंधात मात्र 'प्रयुक्त'च, यावर त्या ठाम आहेत. समाजशास्त्राचे सहमार्गदर्शक 'सहभागी'वर ठाम. प्रकरण दोन्ही विभागांच्या बैठकीत जाईल. बांधावरून यांचं 'वाटा द्यायचा नसेल तर' मी दोघांना वाचून दाखवलं. त्यावर बाईंनी, चाचण्या झाल्यावर निष्कर्षांचा एक पानी मराठी सारांश सगळ्यांना पाठवायचा, असं ठरवलं. तो लिहायचं काम माझ्याकडे आलंय.

बांधावरून
हे फार चांगलं झालं. सारांशात 'आम्ही' कोण ते स्पष्ट लिहा. चाचण्या घेणारे विद्यार्थी त्यात आहेत की नाहीत? 'संशोधन साहाय्यक' म्हणून तळटीपेत ढकललेले अनेक जण मी पाहिलेत, ज्यांनी निम्मं काम केलं होतं.

तिसरा बाक
सारांश लिहायला घ्याल तेव्हा 'कंट्रोल ग्रुप'चं काय करणार? 'नियंत्रित गट' लिहितात, ते चूक आहे. त्या गटावर काही नियंत्रण नसतं, उलट जो उपाय तपासायचा तो त्याला दिलेलाच नसतो. 'नियंत्रण गट' थोडा बरा. मी 'तुलनागट' वापरतो, पण परीक्षकांनी प्रत्येक वेळी लाल शाईने दुरुस्त केलाय.

जुनी वही
तुलना तर दोन्ही गटांची होते. मग दुसऱ्या गटाला काय म्हणायचं?