मदत हवी आहे: 'द बॉयहुड ऑफ रॅले'ची हाताने रंगवलेली प्रतिकृती

नमस्कार मंडळी. बाबांची पंच्याहत्तरी मार्चमध्ये आहे. आयुष्यभर त्यांनी भूगोल शिकवला. इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिलेचं १८७० सालचं हे चित्र त्यांचं अतिशय लाडकं: किनाऱ्यावर बसलेला खलाशी समुद्राकडे हात करून सांगतोय आणि छोटा वॉल्टर रॅले (पुढे प्रसिद्ध इंग्रज दर्यावर्दी झाला तो) गुडघे कवटाळून ऐकतोय, शेजारी आणखी एक मुलगा. मिलेने चित्रातल्या या दोन्ही मुलांसाठी स्वतःच्याच मुलांना बसवलं होतं, हे बाबा वर्गात आवर्जून सांगायचे.

मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, साधारण १२१ बाय १४२ सेंमी. मला निम्म्या मापाचं, म्हणजे २४ बाय २८ इंचांचं, कॅनव्हासवर तैलरंगातच हवंय. एका दुकानाने 'हँडपेंटेड' म्हणून प्रिंटवर नुसता पारदर्शक जेल फिरवून दिला. फार वाईट वाटलं.

पुण्यात असं काम मनापासून करणारं कुणी माहीत आहे का? अभिनव कला महाविद्यालयाचे माजी विद्यार्थीही चालतील. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचं कुतूहल उतरलं पाहिजे, बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालेल. तैलरंगाचे थर वाळायला वेळ लागतो, म्हणून आत्ताच विचारतेय. अंदाजे खर्च आणि आगाऊ किती द्यावेत, तेही सांगा.