माती काढा, मग रास्ना फुलेल

ताई, कुंडीतल्या रास्नेला तीन वर्षांत फूल नाही, असं तुम्ही लिहिलंय. आधी ती माती काढून टाका. रास्ना, म्हणजे वांदा, हे एक ऑर्किड, ते झाडाच्या सालीवर वाढतं. रास्नेच्या मुळांना हवा हवी, मातीत ती कुजतात.

आमच्या वडोदऱ्यात परसातल्या आंब्यावर एक आहे. वादळात मोडलेल्या फांदीवर रस्त्यात पडलेली मिळाली, ती काथ्यानं खोडाला बांधली. पहिली दोन वर्षं नुसती मुळं धरत होती. यंदा चैत्रात दांडा आला: पिवळट तपकिरी पाकळ्यांवर चौकटीची नक्षी, ओठ, म्हणजे फुलाची खालची पाकळी, जांभळट निळा, आणि छान सुवास.

पाणी कधी द्यायचं ते मूळच सांगतं. कोरडं असलं की चांदीसारखं पांढरं, भिजलं की हिरवं. उन्हाळ्यात मी सकाळ-संध्याकाळ फवारा मारते.

आणि माळ्याला बजावून ठेवा! आमच्याकडे एकानं बांडगूळ समजून कोयता उचललाच होता. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, रास्ना फक्त आधार घेते. जंगलातून मात्र उपटून आणू नका. तिचं बी धुळीइतकं बारीक, बुरशीची साथ मिळाली तरच रुजतं. तुमच्याकडे आंबा आहे का? पावसाळ्याच्या तोंडाशी बांधा.