जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचे मोल आवाजाचे की वयाचे?

प्रश्न
रॉक संगीताच्या चर्चेत गिब्सन कंपनीच्या १९५९ सालच्या लेस पॉल गिटारचा किंवा फेंडर कंपनीच्या १९६५ पूर्वीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा विषय निघाला, की भले भले जाणकार हळवे होतात. याच कंपन्या आज त्याच मापांच्या प्रतिकृती विकत असताना मूळ वाद्यांसाठी लाखो डॉलर का मोजले जातात? आवाजात खरोखर फरक असतो, की हा केवळ दुर्मीळपणाचा महिमा आहे?

प्रतिसाद १
दुर्मीळपणा आहेच, पण तो आला कसा हे पाहण्याजोगे आहे. सनबर्स्ट रंगाची (मध्ये पिवळसर, कडेकडे लालसर होत जाणारी) लेस पॉल १९५८ ते १९६० एवढीच वर्षे बनली आणि खप नसल्यामुळे बंद पडली. तिच्या जागी पातळ, दोन शिंगांची, पुढे एसजी म्हणून ओळखली गेलेली गिटार आली. ज्या वाद्याला गिऱ्हाईक नव्हते तेच सेकंडहँड होऊन कीथ रिचर्ड्स, एरिक क्लॅप्टन, माइक ब्लूमफील्ड या गिटारवादकांच्या हाती पडले. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स या बँडबरोबर वाजवताना क्लॅप्टनने ती मार्शल अँप्लिफायरला जोडली आणि आवाज इतका चढवला, की स्वर फाटून दाट झाला व लांबत राहिला. मागणी अशी वाढली, की गिब्सनला १९६८ मध्ये लेस पॉल पुन्हा बाजारात आणावी लागली. फेंडरचे निराळे: १९६५ च्या आरंभी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने ती कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर दर्जा घसरला, अशी वादकांची समजूत दृढ झाली.

प्रतिसाद २
आवाजातील फरकाला कारणेही आहेत. पिकअप म्हणजे तारांच्या कंपनांचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा, चुंबक आणि तारेच्या वेढ्यांचा भाग. गिब्सनसाठी सेथ लव्हर यांनी घडवलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल अशा जोडलेल्या असतात, की विजेची घरघर एकमेकींत विरून जाते. परंतु त्या काळी तारेचे वेढे काटेकोर मोजले जात नसत आणि चुंबकही हाताला येईल त्या प्रतीचे बसवले जात. त्यामुळे ‘पीएएफ’ (पेटंट अप्लाइड फॉर, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केलेला) नावाने प्रसिद्ध असलेले हे पिकअप एकासारखे दुसरे निघत नाहीत. गिटारवादक पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलमध्ये मानेकडील पिकअपचे चुंबक उलटे बसलेले होते, म्हणून दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की स्वर पोकळ आणि नाकातून आल्यासारखा येई. ती गिटार पुढे गॅरी मूर आणि नंतर कर्क हॅमेट या गिटारवादकांकडे गेली.

प्रतिसाद ३
हे सर्व मान्य करूनही मला वयाचे कौतुक अवास्तव वाटते. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने वाजवलेली स्ट्रॅटोकास्टर जेमतेम वर्षभराची आणि सीबीएसच्याच काळातली होती. पिंक फ्लॉइड बँडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान आणि पिकअप अनेकदा बदलले गेले, तरी २०१९ च्या लिलावात तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. हे पैसे लाकडाचे नव्हेत, तिच्यावर कोणी काय वाजवले याचे आहेत. केवळ वाजवायचे असेल, तर मी उत्तम प्रतिकृती घेईन आणि उरलेली रक्कम चांगल्या अँप्लिफायरवर घालीन, कारण आवाजाचा मोठा भाग तिथेच ठरतो.

प्रतिसाद ४
संग्राहकांच्या बाजूने थोडी भर घालतो. सनबर्स्टमधील लाल रंग उजेडात टिकत नसे. त्यामुळे काही लेस पॉल आज चहासारख्या तपकिरी दिसतात, तर काही पार लिंबासारख्या पिवळ्या पडल्या आहेत. त्यातच वरच्या मेपल लाकडाच्या रेषा प्रत्येक फळीवर वेगळ्या असल्याने जुन्या छायाचित्रावरूनही नेमकी गिटार ओळखता येते, आणि ती कोणाच्या हातांतून गेली याचा माग काढण्यात ही मंडळी वर्षानुवर्षे रमतात.