सीटाइप्समध्ये स्वतःची सी लायब्ररी: पूर्ण पाथ की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल?

चिंचोका
पायथॉनच्या सीटाइप्सला (पायथॉनमधून सी लायब्ररी वापरायची सोय) नुसतं फाइलचं नाव द्यायचं आणि ‘एलडी_लायब्ररी_पाथ सेट करा’ (लायब्ररी कुठल्या फोल्डरांत शोधायची ते सांगणारं लिनक्सचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) असं रीडमीत लिहून मोकळं व्हायचं, ही पद्धत बंद व्हावी. लायब्ररी स्क्रिप्टशेजारी ठेवा, स्क्रिप्टच्या जागेवरून फोल्डर काढा आणि पूर्ण पाथ द्या. लिनक्सला .एसओ, मॅकला .डायलिब, विंडोजला .डीएलएल, प्लॅटफॉर्म बघून निवड करायला चार ओळी पुरतात.

व्हेरिएबल मॅकवर तर बेभरवशाचंच. २०१५च्या एल कॅपिटनपासून शेलसारखा सिस्टिमचा संरक्षित प्रोग्राम मध्ये आला की डीवायएलडी_ ने सुरू होणारी (मॅकची तशाच कामाची) व्हेरिएबल्स गाळली जातात. विंडोजवर पायथॉन ३.८पासून (२०१९) सीटाइप्स ‘पाथ’ व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत डीएलएल शोधतच नाही.

उंटावरचा शहाणा
असहमत. पूर्ण पाथने पहिली फाइल सापडेल, पण ती ज्या दुसऱ्या लायब्ररीवर अवलंबून आहे तिचं काय? लिनक्सचा लोडर (लायब्ररी शोधून मेमरीत आणणारा प्रोग्राम) ती आपणहून शेजारी शोधत नाही. शिवाय क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) एकाच प्रोग्रामला आज ओपनब्लास ही गणिती लायब्ररी, उद्या दुसरं काही लावायचं असतं. तिथे ‘मॉड्यूल लोड’ ही कमांड दिली की व्हेरिएबल बदलतं, काम झालं.

चिंचोका
त्यासाठी आरपाथ आहे, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेला शोधायचा फोल्डर. लिंक करताना $ओरिजिन (ती फाइल जिथे आहे तो फोल्डर) द्या, एकेरी अवतरणात, नाहीतर शेल ते गिळतं (मेकफाइलमध्ये डॉलर दोन). तयार फाइल असेल तर पॅचएल्फ या टूलने तो घाला. मॅकवर याच कामाला @लोडर_पाथ आणि इन्स्टॉल_नेम_टूल. मात्र फाइल बदलल्याने डिजिटल सही मोडू शकते आणि ॲपल सिलिकॉनवर तशी लायब्ररी चालत नाही, म्हणून कोडसाइनने पुन्हा सही करा. विंडोजवर पूर्ण पाथ दिलात तर शेजारच्या डीएलएल सापडतात. त्या दुसरीकडे असतील तर लोड करण्याआधी पायथॉनच्या ॲड_डीएलएल_डिरेक्टरीने तो फोल्डर जोडा.

नळीचा वारा
दोघांच्या मध्ये पडतो. लिनक्सवर जुना आरपाथ व्हेरिएबलच्या आधी बघितला जातो, नवा रनपाथ नंतर. रनपाथ ठेवलात तर क्लस्टरवाल्यांना व्हेरिएबलने वरचढ होता येतं. कोणता लागलाय ते रीडएल्फ -डी दाखवेल. पण रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट अवलंबनांना लागू होतो. त्यांच्या पुढच्यांसाठी प्रत्येक फाइलमध्ये वेगळा घालावा लागतो. इथेच बरेच जण अडकतात.

आणि स्क्रिप्टच्या आतून एलडी_लायब्ररी_पाथ बदलून उपयोग शून्य. लोडर ते प्रोसेस सुरू होतानाच वाचतो.

उंटावरचा शहाणा
रनपाथ मान्य. पण विंडोजचा ‘मॉड्यूल किंवा त्याचं एखादं अवलंबन सापडलं नाही’ हा एरर नेमकी कुठली फाइल गायब आहे ते सांगत नाही, तेव्हा तुमचा पूर्ण पाथ काय कामाचा?

चिंचोका
डम्पबिनला /डिपेन्डंट्स देऊन यादी काढा, जसं लिनक्सवर एलडीडी, मॅकवर ओटूल -एल (कॅपिटल एल). एरर १९३ आला तर फाइल शोधत बसू नका: बहुधा ६४ बिट पायथॉनला ३२ बिट डीएलएल दिलेली असते.

नळीचा वारा
व्हेरिएबल वापरणाऱ्यांनी एक बघाच. आधी ते रिकामं असताना ‘जुनी किंमत, कोलन, नवा फोल्डर’ असं जोडलं तर सुरुवातीला मोकळा कोलन उरतो. लोडर त्याचा अर्थ चालू फोल्डर असा घेतो, मग तिथे पडलेली कुठलीही .एसओ उचलली जाऊ शकते.