उत्तर: रायफलची कार्बन फायबर नळी लवकर थंड होते का?

रायफलची कार्बन नळी लवकर थंड होते, असं म्हटलं जातं. सरसकट तसं नाही. आत पातळ पोलादी नळीच असते, तिच्यावर कार्बनचे तंतू आणि ते घट्ट चिकटवणारी राळ, म्हणजे इपॉक्सी. इपॉक्सी उष्णता अडवतं, म्हणून बाहेरून गार लागते. चेंबरपुढचा (काडतूस बसतं त्या जागेच्या पुढचा) भाग मात्र तापलेलाच, आणि झीज तिथेच होते. तापमान बघायचंच तर नळीच्या तोंडाजवळच्या उघड्या पोलादावर बघा.

वजन वाचतं ते तेवढ्याच जाडीच्या पोलादी नळीच्या तुलनेत. बारीक पोलादी नळी जवळपास तेवढीच हलकी नि बरीच स्वस्त. फक्त सलग काही गोळ्यांनंतर तिचा नेम सरकू शकतो. ताठपणासाठी पैसे मोजा, थंडाव्यासाठी नको. आणि नळीची लांबी आधीच ठरवा, नंतर कापून तोंडावर आटे (स्क्रूसारख्या खाचा) पाडणं किचकट.