प्रतिसाद: एका फ्रेमला अजूनही तास का लागतात?

वर विचारलंय की संगणक एवढे वेगवान झाले, तरी ॲनिमेशनपटाची एक फ्रेम (एक स्थिर चित्र) रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाने हिशोब करून ती रंगवायला, तासन्‌तास का लागतात? कारण प्रकाशाकडून आपल्या मागण्याच वाढल्यात. १९९५च्या ‘टॉय स्टोरी’वेळी रेंडरमॅन (पिक्सारचा रेंडर करणारा प्रोग्रॅम) ‘रेयेस’ पद्धतीने चालायचा: पृष्ठभागाचे पिक्सेलपेक्षाही बारीक तुकडे करा, रंगवा, पुढे चला. शेजारच्या वस्तूची फारशी दखल नाही. सावल्या, प्रतिबिंबं वेगळ्या नकाशांवरून बसवायची. २००६च्या ‘कार्स’ला चकचकीत पत्र्यासाठी रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशाच्या किरणांचा माग काढणं, घ्यावंच लागलं. आता पाथ ट्रेसिंग: किरण आपटत आपटत जातो, तो सगळा मार्गच मोजायचा.

संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला उभे राहून बघा. दुकानांचे दिवे मासुंदा तलावाच्या पाण्यात लांबट पसरतात, बोटीच्या लाल कडेचा रंग शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो. हे हुबेहूब हवं तर कॅमेऱ्यातून सोडलेला किरण कित्येकदा आपटू द्यावा लागतो. त्याची दिशा रँडम, म्हणून चित्रात दाणे येतात. दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट! खरा खर्च इथेच आहे. डीनॉइझर (दाणे पुसणारा प्रोग्रॅम) बराच वेळ वाचवतो, पण जोर जास्त लावला की केसांचे, पाण्याचे बारकावे पुसून टाकतो, आणि मला ते अजिबात बघवत नाही.