जुन्या पीसीवर मिंट, स्क्रीन 1024 वरच अडकली: एक्सरँडर की आधी केबल?

औसेकर: मूळ पोस्टमध्ये शाळांच्या लॅबमधले जी41 (इंटेलचा जुना चिपसेट) बोर्डाचे पीसी लिनक्सच्या मिंटवर न्यायलेत, चांगलंय. पण 1366 बाय 768 च्या मॉनिटरवर 1024 बाय 768 आलं की लगेच एक्सरँडरची (स्क्रीनचा आकार बदलणाऱ्या कमांडची) स्क्रिप्ट चिकटवायची, हा तिथला उपाय मला पटत नाही. आधी ग्रबची, म्हणजे पीसी चालू होताना लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंगची फाइल उघडा. कंपॅटिबिलिटी मोडमधून इन्स्टॉल केलं असेल तर तिथं नोमोडसेट (ग्राफिक्स ड्रायव्हरला रोखणारा शब्द) राहू शकतं. ते असेपर्यंत इंटेलचा आय915 ड्रायव्हर जागाच होत नाही, सगळं चित्र प्रोसेसर काढत बसतो. तो शब्द काढा, सुडो अपडेट-ग्रब चालवा, रीबूट करा.

मोंढा_नाका: नोमोडसेट नसतानाही 1024च येतं, त्याचं काय? व्हीजीए केबलीत मॉनिटरची ओळख, म्हणजे ईडीआयडी, 12 आणि 15 नंबरच्या पिनांवरून येते. तिथं तुटलं तरी चित्र झकास दिसतं, फक्त पीसीला समोर कोणता मॉनिटर आहे ते कळत नाही. लॅबभर केबली बदलायला पैसे कोण देणार? सीव्हीटी कमांडनं मोडलाइन (स्क्रीनच्या आकाराचे आणि वेळेचे आकडे) काढा, मग एक्सरँडरचं न्यूमोड, अ‍ॅडमोड, शेवटी तो मोड स्क्रीनला लावा, झालं की ओ.

औसेकर: झालं, आणि रीबूटला गेलं! शिवाय सीव्हीटीला 1366 दिलं तर ती 8 नं भाग जाणारा आकडा धरते, 1368. मग अक्षरं पुसट. शेजारच्या पीसीची केबल लावून बघायला एक रुपया लागत नाही. (9 नंबरची पिन नसते म्हणून केबल फेकू नका, ती बऱ्याच केबलींत मुळातच नसते.)

मोंढा_नाका: 1368 चं मान्य. मग मोडलाइन हाताने द्या: 85.50 1366 1436 1579 1792 768 771 774 798, दोन्ही सिंक प्लस. एक्सरँडरच्या तिन्ही कमांडी एक्सप्रोफाइलमध्ये (लॉगिन केल्यावर आपोआप चालणाऱ्या फाइलीत) ठेवल्या की रीबूटचाही प्रश्न मिटला. मॉनिटरमधली ईडीआयडीची चिपच गेली असेल तर नवी केबल काय करणार?

गोदाकाठ: एक्सप्रोफाइल लॉगिननंतर चालते, लॉगिनची स्क्रीन तशीच राहते. वेलँडवर (स्क्रीन दाखवायच्या नव्या पद्धतीवर) तर एक्सरँडरनं मोड बसतच नाही. त्यापेक्षा ग्रबमध्येच video या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पॅरामीटरला व्हीजीए-1 या पोर्टसाठी 1366 बाय 768, 60 हर्ट्झ द्या. 1368 ची भानगड कर्नल स्वतः निस्तरतो.

औसेकर: आणि त्याच पोर्टला उद्या प्रोजेक्टर लावला की? मोड तोच लादला जाणार, पडद्यावर आउट ऑफ रेंज. प्रोजेक्टर नसलेल्या पीसीला चालेल, सरांच्या टेबलावरच्या पीसीला केबलच बदला.